मोहन घातलेला पिझ्झा

गेल्या शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. बाहेर उणे चौदा, दारात ओल्या बुटांचा ढीग, आतल्या पलंगावर कोटांचा ढीग. पाच मैत्रिणी, दोघींचे नवरे, चार मुलं आणि आम्ही चौघं, अशी पंधरा माणसं. वाण म्हणून स्टीलच्या छोट्या गाळण्या दिल्या, तिळगूळ दिला, आणि जेवायला दोन डीप डिश, म्हणजे खोल थाळीतले जाड पिझ्झे केले. बारा इंची थाळीचे आठ तुकडे पडतात आणि एका तुकड्यात मोठ्या माणसाचं पोट भरतं, म्हणजे सोळा तुकडे पुरले. तिसरा एक लहान, नऊ इंची, मी अर्धा भाजून बाजूला काढून ठेवला होता. तो कुणासाठी ते पुढे येईलच.

शिकागोजवळच्या शॉमबर्गला येऊन मला आता वीस वर्षं होतील. मी मूळची मिरजेची. भारतातून कुणी आलं की पहिल्या दोन दिवसांत विचारतं, "तुम्ही शिकागोवाले रोज तो जाड पिझ्झा खाता का?" रोज कुणीच खात नाही. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून येताना लोक घेऊन येतात तो पातळ, कुरकुरीत आणि चौकोनी तुकडे केलेला. त्याला इथे टॅव्हर्न स्टाइल म्हणतात, कारण तो बारमध्ये बिअरबरोबर द्यायची पद्धत होती. जाड पिझ्झा पाहुणे आले की, वाढदिवस असला की, मुलगा कॉलेजातून घरी आला की. आपल्याकडे पुरणपोळी कुणी मंगळवारी रात्री एकट्यासाठी करत नाही, तसंच. पदार्थाचा आकारच बघा ना, दोन इंच खोल थाळी, पाऊण तास भट्टीत. एका माणसासाठी एवढा घाट कोण घालेल?

मला तो शिकवला शेजारच्या आजींनी. त्या पोलिश घरातल्या, जन्म शिकागोतच. इथले पोलिश लोक आजीला "बूशा" म्हणतात. आमच्या मुलांनी ते त्यांच्या नातवंडांकडून उचललं आणि मग आम्हीही त्यांना बूशाच म्हणू लागलो. फेब्रुवारी २०११ मध्ये शिकागोत मोठं हिमवादळ आलं. दोन-तीन दिवसांत मिळून २१.२ इंच बर्फ पडला. लेक शोअर ड्राइव्हवर शेकडो गाड्या रात्रभर अडकून पडल्या होत्या, बातम्यांत तेच दिसत होतं. वारा थांबल्यावर नवऱ्याने आधी बूशांच्या दारातला बर्फ उपसला आणि मग आमच्या. त्या तेव्हा एकट्याच राहत होत्या, वय त्र्याहत्तर.

संध्याकाळी दार वाजलं. डोक्याला रुमाल बांधलेल्या बूशा, एका हातात काळीभोर जड थाळी आणि दुसऱ्या हातात पिशवी. म्हणाल्या, "घरात चीज आहे, टोमॅटोचा डबा आहे, पण एवढं मी एकटी खाणार कशी? तुझा ओव्हन चालू कर." थाळीला हात लावला तर ती तेलकट नव्हती, कोरडीही नव्हती. आपला जुना बिडाचा तवा लागतो तशी लागत होती. ती पोलादी थाळी त्यांनी लग्नानंतर घेतलेली. साबण कधी लावायचा नाही, गरम पाण्याने धुवायची, पुसायची, तेलाचा हात फिरवून ठेवायची. मिरजेला आईचा डोशाचा तवा याच नियमाने वापरला जायचा आणि त्यावर पोळी टाकली तर ती रागवायची. मला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

बूशांनी पहिला डीप डिश खाल्ला तो १९५८ साली, होणाऱ्या नवऱ्याबरोबर, ओहायो स्ट्रीट आणि वॉबॅश अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या पिझ्झेरिया उनोमध्ये. या पिझ्झ्याचं घर तेच. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, आइक सूअल आणि रिक रिकार्डो या दोघांनी ते काढलं. एवढी गर्दी व्हायची की १९५५ मध्ये जवळच दुसरं, पिझ्झेरिया ड्यूए, उघडावं लागलं. पिझ्झा नेमका कुणाच्या हातून घडला यावर शिकागोत अजून वाद आहे. तिथे काम करणाऱ्या रूडी मालनाटींचं नाव काही जण घेतात. त्यांचा मुलगा लू याने १९७१ साली लिंकनवुडला स्वतःचं दुकान काढलं, त्याच्या आता शहरभर शाखा आहेत.

मला स्वतःला या सगळ्यात अ‍ॅलिस मे रेडमंड हे नाव महत्त्वाचं वाटतं. ही कृष्णवर्णीय बाई उनोच्या स्वयंपाकघरात पीठ करायची. १९६६ मध्ये जीनोज ईस्ट हे दुसरं पिझ्झ्याचं दुकान सुरू झालं आणि तिथल्या मालकांनी तिला आपल्याकडे आणलं, तेव्हा पिठाचा हातही तिच्याबरोबर तिकडे गेला. पाट्यांवर मालकांची नावं येतात. रोज सकाळी परातीत हात घालणारी बाई कोण होती, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी ते नाव मुलांना सांगते, मैत्रिणींना सांगते आणि इथेही लिहून ठेवते.

आता पिठाकडे येते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

पहिली पाच वर्षं माझा पिझ्झा बूशांसारखा होत नव्हता. चव बरी असायची, पण खालचा थर पावासारखा व्हायचा. फुगलेला, चिवट, दाताखाली ओढला जाणारा. मी पीठ चांगलं दहा मिनिटं तिंबायची, कारण पिझ्झा म्हणजे असंच असतं हे डोक्यात बसलेलं. बूशा बघायच्या आणि फक्त म्हणायच्या, "जास्त खेळतेस त्याच्याशी." मला त्याचा अर्थच लागत नव्हता.

अर्थ लावला सासूबाईंनी. २०१६ च्या उन्हाळ्यात त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. एका रविवारी बूशा आमच्याकडे पीठ भिजवत होत्या आणि सासूबाई शेजारी स्टुलावर बसून बघत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बूशांनी मैद्यात मक्याचं तेल ओतलं आणि बोटांनी चोळायला लागल्या. सासूबाई उठल्या, परातीतला मैदा मुठीत घेऊन दाबला, मूठ उघडून बघितली आणि मला म्हणाल्या, "अगं, हे मोहन आहे की! शंकरपाळ्याचं पीठ हाय हे. तू पोळीच्या कणकेसारखं तिंबत बसलीस तर खुसखुशीत कसं व्हायचं?"

एवढ्याने माझा पिझ्झा सुधारला. नेपल्सच्या पिझ्झ्यात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट, बास. तो दीड मिनिटात भट्टीतून बाहेर येतो आणि त्याला ताणलं जाणारं पीठच लागतं. शिकागोचा हा पिझ्झा त्या घराण्यातला नाहीच. यात पिठाच्या वजनाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा तेल असतं. तेल मैद्याच्या कणांभोवती बसतं, मग पाणी घातल्यावर ग्लूटेनच्या, म्हणजे पिठाला चिवट करणाऱ्या प्रथिनाच्या, लांब दोऱ्या तयार होत नाहीत. करंजीची पारी तुटते आणि पोळी ताणली जाते, त्याचं कारणही हेच. जास्त मळलं की त्या दोऱ्या जबरदस्तीने तयार होतात आणि मोहन वाया जातं.

माझं बारा इंची थाळीचं प्रमाण असं आहे. चारशे ग्रॅम मैदा, एक चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट, एक चमचा साखर, सव्वा चमचा मीठ. ८० मिलिलिटर मक्याचं तेल आणि एक मोठा चमचा वितळलेलं लोणी, हे आधी मैद्याला चोळून घ्यायचं. मूठ वळली पाहिजे आणि बोटाने ढकलली की फुटली पाहिजे. मग कोमट पाणी १९० मिलिलिटर, तेही थोडं थोडं. गोळा झाला की दोन मिनिटं मळायचं आणि हात काढून घ्यायचा. गोळा जरा खडबडीत दिसतो, दिसू दे. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते आणि भाजायच्या दोन तास आधी बाहेर काढते. आमच्याकडे जानेवारीत घरातही पीठ फुगत नाही, म्हणून ओव्हन बंद ठेवून आतला फक्त दिवा लावते आणि त्या उबेला ठेवते.

बऱ्याच पाककृतींत मक्याचं पीठ घालायला सांगतात. बूशा कधी घालत नसत आणि मीही घालत नाही. त्याने कुरकुरीतपणा येतो खरा, पण तो रवाळ असतो. मोहनाचा खुसखुशीतपणा वेगळा आणि मला तोच हवा.

लाटणं वापरायचं नाही. थाळीला तेल लावायचं, गोळा मधोमध ठेवायचा आणि भाकरी थापतो तसा बोटांनी थापत कडेपर्यंत न्यायचा. पीठ मागे सरकायला लागलं तर पाच मिनिटं थांबायचं, ते आपसूक ऐकतं. मग अंगठ्याने दाबत दाबत कड दीड इंच वर चढवायची. मुरड घालायची नाही, नुसती दाबायची आणि वरची कडा अगदी पातळ ठेवायची. कोपऱ्यात, म्हणजे तळ आणि भिंत मिळते तिथे, पीठ जाड राहतं आणि कच्चं निघतं. तिथे अंगठा जास्त फिरवावा लागतो.

यानंतरचा क्रम नवख्या माणसाला उलटा वाटतो. आधी चीज, मग भाजी किंवा मटण, आणि टोमॅटो सगळ्यात वर. हा पिझ्झा ४२५ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २२० सेल्सिअसला, पस्तीस ते चाळीस मिनिटं भाजावा लागतो. एवढा वेळ चीज वर राहिलं तर करपून कडू होईल. खाली असलं की ते सावकाश वितळतं, आणि पीठ आणि टोमॅटोच्या पाण्याच्या मधे उभं राहतं, तळ भिजू देत नाही. म्हणून चीज किसायचं नाही. मोझरेलाचे काप एकावर एक चढवत, कौलं घालतात तसे, सगळा तळ झाकला जाईल असे लावायचे. एका थाळीला साडेतीनशे ग्रॅम. विकत घेताना कमी पाण्याचं मोझरेला घ्यायचं. पाण्यात ठेवलेले मऊ पांढरे गोळे इथे उपयोगाचे नाहीत.

शिकागोचा जुना, खरा प्रकार म्हणजे मधे इटालियन सॉसेज, तेही कच्चंच, पातळ थापून चीजवर पसरलेलं. ते वरच्या वाफेत शिजतं. माझ्या घरी दोन पिझ्झ्यांपैकी एक नेहमी शाकाहारी असतो. बरीच वर्षं मी त्यात ढोबळी मिरची, कांदा, मका असं काहीबाही घालायची आणि शेजारचा सॉसेजवाला जास्त चवदार का लागतो ते कळायचं नाही. एक दिवस सॉसेजचं पाकीट उघडल्यावर वास ओळखीचा आला, बडीशेप. त्या सॉसेजची ओळख बडीशेपेतच आहे. तेव्हापासून मश्रूम बारीक चिरून, मोठ्या आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत परतते आणि त्यात अर्धवट कुटलेली बडीशेप, लसूण आणि थोडं तिखट घालते. वर पिळून घेतलेला पालक. मांसाहारी पाहुणेही आता आधी तिकडे हात घालतात.

शाकाहारी पाहुण्यांसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. पार्मेझानचं अस्सल इटालियन चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, त्यांचा नियमच तसा आहे. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या गप्प झाल्या आणि ताटली बाजूला ठेवली. मला फार वाईट वाटलं, कारण आधीचे दोन महिने मी त्यांना तेच वाढत होते. त्या रागावल्या नाहीत, पण मी त्यानंतर प्रत्येक पाकिटामागचं लिहिलेलं वाचते. सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असेल तरच शाकाहारी थाळीत. त्या थाळीचं उलथनं आणि सुरी वेगळी, आणि कडेला पिठाचाच एक छोटा ठिपका चिकटवते, म्हणजे ओव्हनमधून निघाल्यावर गोंधळ होत नाही.

टोमॅटोचा सॉस शिजवायचा नाही. २८ औंसांचा अख्ख्या सोललेल्या टोमॅटोंचा डबा, हाताने कुस्करून, चाळणीत अर्धा तास निथळत ठेवायचा. यात कसर करू नका. एकदा मी घाईत तसाच ओतला आणि कापल्यावर थाळीत आमटी झाली. निथळलेल्या टोमॅटोत मीठ, चिमूटभर साखर, ओरेगॅनो आणि थोडं ऑलिव्ह तेल. थर देताना मोठे तुकडे तसेच दिसले पाहिजेत. खाली उरलेलं पाणी मी दुसऱ्या दिवशी साराला वापरते.

मिरजेला नणंदेने हेच केलं तेव्हा तिच्या ओटीजीत आठ इंची केकचा डबाच बसत होता. त्याला १९० ग्रॅम मैदा आणि बाकी सगळं त्याच अंदाजाने निम्म्याहून जरा कमी. डब्यातले टोमॅटो तिथे महाग पडतात, म्हणून तिने ताजे घेतले, उकळत्या पाण्यातून काढून सोलले आणि बिया काढून निथळले. आपल्याकडचे टोमॅटो आंबट असतात, साखर जरा जास्त लागते. डबा सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवायचा आणि खालची कांडी चालू पाहिजेच, नाहीतर वरून लाल आणि तळाला कच्चं.

शनिवारी सहाला दोन्ही थाळ्या आत गेल्या. वीस मिनिटांनी वरची खाली आणि खालची वर केली. सुरुवातीला यीस्टचा वास येतो, मग टोमॅटो आटल्याचा गोड वास, आणि शेवटच्या दहा मिनिटांत कडेचं तेल आणि मैदा खरपूस होतो तो खमंग वास, दिवाळीत शंकरपाळ्यांचा पहिला घाणा निघतो तसा. तो आला की मुलं खेळ टाकून स्वयंपाकघरात येतात. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं, ते सगळ्यात अवघड. लगेच कापला तर चीज वाहून जातं. त्या दहा मिनिटांत आम्ही हळदीकुंकू लावलं, उखाणे झाले, एका मैत्रिणीने पहिल्यांदाच घेतला, तिचं लग्न मागच्याच वर्षी झालं. मग नवऱ्याने सांडशीने थाळी धरली, मी पहिला तुकडा उचलला. पहिला नेहमी मोडतो. तो आमच्या धाकट्याचा, असं ठरलेलं आहे.

रविवारी दुपारी तो लहान, अर्धा भाजलेला पिझ्झा गाडीत घेतला. बूशा आता सत्त्याऐंशीच्या आहेत, पाच वर्षांपूर्वी त्यांनी घर विकलं. वीस मिनिटांवर वृद्धांसाठी एक राहण्याची जागा आहे, तिथे त्यांची एक खोली. पूर्वी मी घरूनच पूर्ण भाजून, टॉवेलात गुंडाळून न्यायची. एकदा त्या म्हणाल्या, "चव तीच आहे, पण वास तुझ्याच घरी राहिला." तेव्हापासून वीस मिनिटं घरी भाजते आणि उरलेली पंचवीस मिनिटं तिथल्या सामायिक स्वयंपाकघरात. तिथल्या मदतनीस बाई मला ओव्हन वापरू देतात, त्यांचाही त्यात एक तुकडा असतो.

आत ठेवण्याआधी बूशांनी थाळी जवळ मागितली. बोटं आता सरळ होत नाहीत, तरी कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी थांबल्या, "इथे जाड आहे." खरंच होतं. मग थाळी उलटी करून तळ बघता येत नाही म्हणून खालून हाताने चाचपली. त्यांची मोठी थाळी माझ्याकडे आहे, ही लहान माझी, सात वर्षं वापरलेली. "काळी व्हायला लागली," म्हणाल्या.

पंधरा मिनिटांनी वास कॉरिडॉरमध्ये गेला. एक आजोबा वॉकर सरकवत आले, मागोमाग दोघी जणी. कुणीतरी विचारलं, किती वेळ आहे. बूशांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "भाजायला दहा, मग थांबायला दहा," आणि मला म्हणाल्या, कपाटातून अजून चार ताटल्या काढ.